मुलाच्या पोटातील गाठ, वाढलेले इओसिनोफिल आणि बॅसिडिओबोलस बुरशीचा संसर्ग

एका मुलाच्या वडिलांनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षांच्या मुलाला काही महिन्यांपासून पोटदुखी, अधूनमधून ताप आणि बद्धकोष्ठ असा त्रास होता व त्याचे वजन घटत चालले होते. पुढे पोटाच्या उजव्या बाजूला हाताला लागेल अशी गाठ जाणवू लागली. प्रथम जंतांचे औषध झाले, मग सीटी स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याची भिंत जाड झालेली दिसल्यामुळे पोटाचा क्षयरोग समजून टीबीची औषधे सुरू झाली. गाठ मात्र वाढतच राहिली. कर्करोगाची शंका आल्यावर बायोप्सी घेतली गेली आणि तिच्या अहवालात ‘बॅसिडिओबोलस या बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता’ असे लिहून आले. हा कर्करोग आहे का, हीच ती कोविडच्या काळातली काळी बुरशी का, घरातल्या धाकट्या मुलीला तिची लागण होईल का, ऑपरेशन करावेच लागेल का आणि औषध किती दिवस द्यावे लागेल, असे त्यांचे प्रश्न आहेत.

आधी नेमकी उत्तरे देतो. हा कर्करोग नाही. ही काळी बुरशीही नाही, आणि हा फरक शब्दांपुरता नसून त्यावर औषधाची निवड अवलंबून असते. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. आतडे बंद झालेले नसेल, फुटलेले नसेल आणि फार रक्तस्राव होत नसेल, तर पुष्कळ मुले मोठ्या ऑपरेशनशिवाय औषधांनी बरी होतात. मात्र औषध आठवड्यांच्या नव्हे तर महिन्यांच्या हिशेबाने चालते, बहुधा सहा महिने ते वर्षभर आणि क्वचित त्याहून अधिक. वेळेत ओळखल्यास हा आजार बरा होणारा आहे. उशीर झाला, आतडे फुटले किंवा चुकीच्या निदानावर स्टेरॉइड दिले गेले, तर तो जिवावर बेततो. त्यामुळे आता निदान पक्के करणे आणि योग्य औषध योग्य मात्रेत सुरू होणे, या दोन गोष्टींना विलंब होऊ देऊ नये.

बॅसिडिओबोलस रॅनारम ही मातीत, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात आणि बेडूक, सरडे, पाली अशा प्राण्यांच्या आतड्यांत व विष्ठेत राहणारी बुरशी आहे. जर्मन संशोधक एडुआर्ड आयडॅम यांनी १८८६ मध्ये बेडकाच्या विष्ठेतून ती शोधून तिचे वर्णन केले. माणसाला तिच्यापासून आजार होतो हे कळायला त्यानंतर सत्तर वर्षे लागली. १९५६ मध्ये इंडोनेशियातून त्वचेखालच्या संसर्गाचे पहिले रुग्ण नोंदवले गेले. मांडी, नितंब किंवा दंडावर रबरासारखी टणक, हळूहळू पसरणारी आणि फारशी न दुखणारी सूज येते, असे या प्रकाराचे स्वरूप असते, आणि तोही मुख्यतः मुलांमध्येच आढळतो. आफ्रिका, आग्नेय आशिया आणि आपल्याकडे दक्षिण भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना तो परिचित आहे. पोटातल्या अवयवांचा संसर्ग मात्र त्याहून कितीतरी दुर्मिळ असून त्याचा पहिला रुग्ण १९६४ मध्ये नायजेरियातून नोंदवला गेला. तोही सहा वर्षांचा मुलगाच होता.

त्यानंतर अनेक वर्षे या आजाराकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९९४ ते १९९९ या काळात अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात मोजके रुग्ण एकापाठोपाठ एक आढळले, तिथल्या आरोग्य यंत्रणेने त्यांचा एकत्रित अभ्यास केला आणि तेव्हापासून पोटाच्या या आजाराचे चित्र स्पष्ट होऊ लागले. ते रुग्ण बहुतांशी प्रौढ होते. पुढे सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येकडील असीर आणि जिझान या भागांतून, तसेच दक्षिण इराणमधून प्रामुख्याने लहान मुलांचे रुग्ण नोंदवले जाऊ लागले. अ‍ॅरिझोना, जिझान आणि दक्षिण इराण हे सगळे उष्ण प्रदेश आहेत आणि तिथे सरपटणारे प्राणी मुबलक आहेत. भारतातूनही पोटाच्या संसर्गाचे रुग्ण नोंदवले गेले आहेत. माझे मत विचाराल तर आपल्याकडे हा आजार जितका होतो त्याहून कमी ओळखला जातो, कारण पोटात गाठ, ताप आणि घटणारे वजन या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की आपले मन सरळ क्षयरोगाकडे जाते. आपल्या देशातले क्षयरोगाचे प्रमाण पाहता ते अगदी स्वाभाविकही आहे. म्हणून आधीच्या डॉक्टरांनी टीबीची औषधे सुरू केली याबद्दल त्यांना दोष देऊ नये. पोटाच्या क्षयरोगात जंतूंची संख्या इतकी कमी असते की जीन एक्स्पर्ट चाचणी निगेटिव्ह येऊनही क्षयरोग असू शकतो, त्यामुळे अनेकदा लक्षणांवरून आणि स्कॅनवरून उपचार सुरू करावे लागतात.

तरीही तुम्ही सोबत पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या रक्ततपासणीत एक धागा होता आणि तो सुटला. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी सामान्यतः रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये पाचशेच्या आत असतात. तुमच्या मुलाच्या अहवालात त्या कितीतरी पटींनी जास्त होत्या. आपल्याकडे हा आकडा वाढलेला दिसला की जंतांचे औषध लिहून द्यायचे, अशी सवय पडलेली आहे. बहुतेक वेळा ती चालूनही जाते, कारण खरोखरच जंत असतात किंवा अ‍ॅलर्जी असते. परंतु पोटात गाठ असताना इओसिनोफिल वाढलेले असतील तर त्या दोन गोष्टींचा एकत्र विचार व्हायला हवा. क्षयरोगात इओसिनोफिल असे वाढणे नेहमीचे नाही, क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाच्या आजारातही नाही. काही प्रकारच्या लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगात, ते वाढतात, यकृतातल्या काही परजीवींच्या संसर्गात वाढतात आणि बॅसिडिओबोलसच्या संसर्गात तर बहुसंख्य रुग्णांमध्ये वाढलेले सापडतात. ही एकटी खूण निदानाला पुरेशी नाही, पण पुढची तपासणी कोणत्या दिशेने करायची ते ती सांगते. तिच्याबरोबर शरीरातला दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी हे आकडे वाढलेले असणे, प्लेटलेट वाढलेल्या असणे, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन कमी असणे हेही सापडते. पण या गोष्टी कोणत्याही दीर्घ आजारात दिसत असल्यामुळे त्यांच्यावरून फारसे काही ठरत नाही.

ही बुरशी पोटात कशी पोहोचते याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे आहे की माती किंवा प्राण्यांची विष्ठा लागलेले अन्न, मातीने माखलेले हात किंवा प्रत्यक्ष खाल्लेली माती यांतून तिचे बीजाणू गिळले जातात. मग ते आतड्याच्या भिंतीत शिरतात आणि तिथे शरीराची तीव्र प्रतिक्रिया सुरू होते. दिसणाऱ्या गाठीचा मोठा भाग बुरशीचा नसून तिच्याभोवती जमलेल्या इओसिनोफिल आणि इतर पेशींचा व त्यांतून तयार झालेल्या तंतुमय ऊतींचा असतो. मोठ्या आतड्याचा उजवा भाग, गुदाशयाच्या वरचा भाग, जठर आणि लहान आतडे यांपैकी कुठेही ही गाठ होऊ शकते. तिथून ती शेजारच्या अवयवांत सरळ पसरते. यकृतात गळू किंवा ट्यूमर असल्याचा भास होतो, मूत्रनलिका दाबली गेली तर मूत्रपिंड फुगते. म्हणूनच स्कॅनचा अहवाल वाचणाऱ्याला ती अवयवांच्या सीमा न जुमानणारी, कर्करोगासारखी वाटते. मी पाहिलेली बहुतेक मुले शल्यचिकित्सा विभागाकडून किंवा कर्करोग विभागाकडूनच आमच्याकडे आली होती आणि त्यात आश्चर्य काहीच नाही.

बहुतेक मुलांची रोगप्रतिकारशक्ती चांगली असते. तुमच्या मुलामध्ये काही जन्मजात उणीव असेल म्हणून हे झाले, असे समजण्याचे कारण नाही. तरीही एवढ्या असामान्य संसर्गात इम्युनोग्लोब्युलिनची पातळी आणि पांढऱ्या पेशींची बुरशी मारण्याची क्षमता तपासणारी एखादी चाचणी एकदा करून घ्यावी, असे मी सुचवतो. ती बहुधा सामान्य येईल, पण न आल्यास पुढचा सगळा विचार बदलतो.

निदानाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण तुमच्या अहवालात ‘शक्यता’ हा शब्द आहे आणि तो काढून टाकता आला तर उत्तम. या आजारात रक्ताची अशी कोणतीही सहज मिळणारी चाचणी नाही की जिच्यावर विसंबून औषध सुरू करता येईल. निदान ऊतीच्या तुकड्यावरच होते. दुर्बिणीतून घेतलेल्या बायोप्सीत अनेकदा काहीच सापडत नाही, कारण दुर्बीण आतड्याच्या अगदी आतल्या थराचा तुकडा घेते आणि हा आजार त्याखालच्या, म्हणजे स्नायूंच्या थरापर्यंतच्या भागात असतो. वरचे आवरण नुसते लालसर किंवा जवळपास सामान्य दिसू शकते. म्हणून गाठ असताना दुर्बिणीची बायोप्सी निगेटिव्ह आली तर तिथे थांबू नये. सोनोग्राफी किंवा सीटीच्या साहाय्याने जाड सुईने गाठीचा तुकडा घ्यावा किंवा गरज पडल्यास लहान शस्त्रक्रियेने घ्यावा.

तुकडा घेतला की त्याचे दोन भाग करावेत, आणि नेमकी हीच गोष्ट घाईत राहून जाते. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीकडे जातो. दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये बुरशीच्या कल्चरसाठी, म्हणजे ती प्रयोगशाळेत वाढवून पाहण्यासाठी, आणि क्षयरोगाच्या तपासणीसाठी जायला हवा. संपूर्ण तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला की बुरशी मरते आणि कल्चरचा मार्ग बंद होतो. त्या दुसऱ्या तुकड्याबाबत प्रयोगशाळेला तोंडी कल्पना देणेही महत्त्वाचे असते. तो फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण ही बुरशी थंडी सहन करत नाही, आणि तो वाटून बारीक करू नये, कारण तिचे विरळ पडदे असलेले रुंद तंतू त्यात तुटून जातात. नीट हाताळणी झाली तर सॅबुरो या बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर ती दोन-तीन दिवसांत वाढते. पिवळसर राखी, मेणचट, वळ्या पडलेली वसाहत दिसते आणि तिच्यातून उडालेल्या बीजाणूंमुळे आजूबाजूला छोट्या उपवसाहती उगवतात. ज्याने ती एकदा पाहिली आहे त्याला ती दुसऱ्यांदा ओळखायला वेळ लागत नाही.

तुमच्या बाबतीत कल्चर झालेले दिसत नाही. तरीही निराश होऊ नका. पॅथॉलॉजीच्या अहवालात वर्णन केलेले चित्र बरेच वैशिष्ट्यपूर्ण आहे: पातळ भिंतीचे रुंद बुरशीचे तंतू, त्यांच्याभोवती गडद गुलाबी रंगाचे जाड वेष्टन, असंख्य इओसिनोफिल आणि ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचे पुंजके. त्या गुलाबी वेष्टनाला स्प्लेंडोर-होप्ली प्रतिक्रिया म्हणतात. ती इतर काही संसर्गांतही दिसते, पण अशा तंतूंभोवती आणि इतक्या इओसिनोफिलच्या सोबतीने दिसली की बॅसिडिओबोलसकडे बोट जाते. नेहमीच्या रंगात हे तंतू कधी कधी केवळ रिकाम्या पोकळ्यांसारखे दिसतात. त्यामुळे पीएएस आणि सिल्व्हर असे दोन्ही विशेष रंग वापरले आहेत का ते विचारावे. बायोप्सीच्या तुकड्याचे पॅराफिन मेणातले ब्लॉक रुग्णालयात जपून ठेवलेले असतात. ते मागवून घेऊन बुरशीच्या कामाचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडे दुसऱ्या मतासाठी पाठवावेत, आणि जिथे सोय असेल तिथे त्यातूनच पीसीआर करून बुरशीची ओळख पटवावी. चंदीगडच्या पीजीआय संस्थेत बुरशीजन्य आजारांची राष्ट्रीय पातळीवरची संदर्भ प्रयोगशाळा आहे आणि डॉक्टरांमार्फत तिथे नमुना पाठवता येतो. मात्र या अहवालांची वाट पाहत औषध थांबवून ठेवू नये.

आता काळ्या बुरशीबद्दल. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण पाहिले, त्यामुळे बायोप्सीत रुंद तंतू दिसले की घरच्यांच्याच नव्हे तर डॉक्टरांच्याही मनात प्रथम तेच नाव येते. जुन्या वर्गीकरणात या दोन्ही बुरशी एकाच मोठ्या गटात मोजल्या जात, आणि काही अहवालांत आजही तो जुना गटवाचक शब्द लिहिलेला असतो. प्रत्यक्षात दोघींचे वागणे वेगळे आहे. म्युकर रक्तवाहिन्यांत घुसते, रक्तपुरवठा तोडते आणि काही दिवसांत ऊती काळ्या पाडते. ती बहुधा अनियंत्रित मधुमेह, रक्ताचा कर्करोग किंवा स्टेरॉइडचा मारा झालेल्या रुग्णाला गाठते. बॅसिडिओबोलस सहसा रक्तवाहिन्यांत शिरत नाही, महिनोन्‌महिने हळूहळू वाढते आणि धडधाकट मुलालाही होते. उपचारातला फरक तर उलटापालट करणारा आहे. म्युकरवर अँफोटेरिसिन हे मुख्य औषध असून व्होरिकोनॅझोल निरुपयोगी ठरते. बॅसिडिओबोलसवर व्होरिकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोल चांगले काम करतात, तर तिचे अनेक प्रकार अँफोटेरिसिनला दाद देत नाहीत. म्हणजे दोघींची गल्लत झाली तर मूत्रपिंडाला त्रासदायक असलेले अँफोटेरिसिन मुलाला आठवडेच्या आठवडे दिले जाते आणि गाठ तशीच राहते. मूल अत्यवस्थ असेल आणि दोन्ही शक्यता खुल्या असतील तर काही दिवस दोन्ही औषधे एकत्र देण्याचा निर्णय समजण्यासारखा आहे. त्यापलीकडे तो लांबवू नये.

तुमच्या पत्रात ज्या गोष्टीचा उल्लेख नाही, पण जी मला सर्वांत जास्त काळजीची वाटते, ती आता सांगतो. मुलाला टीबीची औषधे चालू आहेत आणि त्यांत रिफॅम्पिसिन आहे. रिफॅम्पिसिन यकृतातल्या औषधे पचवणाऱ्या विकरांना इतके जागे करते की व्होरिकोनॅझोलची रक्तातली मात्रा नव्वद टक्क्यांहून अधिक घटते. इट्राकोनॅझोलचीही जवळपास तीच गत होते. बुरशीचे औषध कागदावर चालू राहते, घरातला खर्च चालू राहतो आणि रक्तात औषध नसतेच. रिफॅम्पिसिन बंद केल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे टिकतो. त्यामुळे क्षयरोगाचा कोणताही ठोस पुरावा नसेल तर टीबीची औषधे थांबवण्याबाबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी ताबडतोब बोला. ती स्वतःहून मात्र बंद करू नका. दोन्ही आजार खरोखर एकत्र असल्याचे सिद्ध झाले, तर रिफॅम्पिसिन टाळून टीबीची वेगळी औषधयोजना आखावी लागते आणि ते काम क्षयरोगतज्ज्ञ व संसर्गतज्ज्ञ यांनी मिळूनच करायचे असते. फिट्ससाठी दिली जाणारी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोन ही औषधेही असाच गोंधळ करतात. मुलाला दुसरे कोणतेही औषध, काढा किंवा पावडर चालू असेल तर ती न लाजता सांगावी.

व्होरिकोनॅझोल हे माझे पहिले पसंतीचे औषध आहे. लहान मुले ते मोठ्या माणसांपेक्षा वेगाने पचवतात, म्हणून वजनाच्या हिशेबाने त्यांना प्रौढांपेक्षा जास्त मात्रा लागते. त्याशिवाय आनुवंशिक फरकामुळे काही जणांत ते पटकन संपते, तर काही जणांत साचून राहते. एकाच वजनाच्या दोन मुलांना एकच मात्रा दिली तरी रक्तातली पातळी कमालीची वेगळी निघू शकते. म्हणून औषध सुरू केल्यावर साधारण पाच ते सात दिवसांनी, पुढची मात्रा देण्याच्या अगदी आधी रक्त घेऊन औषधाची पातळी मोजावी. ती लिटरला किमान एक मिलिग्रॅमच्या वर आणि साडेपाचच्या खाली असावी. मोठ्या शहरांतल्या खासगी प्रयोगशाळांत ही तपासणी होते. ती महाग आहे हे मला मान्य आहे. परंतु वर्षभर कमी पडणारे औषध देत राहणे त्याहून महाग पडते. मात्रा बदलली, मुलाचे वजन लक्षणीय वाढले किंवा नवीन औषध जोडले की ती पुन्हा करावी. हे औषध जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तास नंतर द्यायचे असते. घेतल्यावर थोडा वेळ रंग विचित्र दिसणे किंवा नजर अंधुक होणे असे काही मुले सांगतात. ते आपोआप जाते, पण मुलाला आधी सांगून ठेवले नाही तर ते घाबरते. उन्हाने त्वचा भाजल्यासारखी लाल होते, म्हणून टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि दुपारचे ऊन टाळणे हे वर्षभराचे पथ्य आहे. यकृताच्या तपासण्या सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी आणि नंतर महिन्याने कराव्यात. अनेक महिन्यांनी हाडे दुखू लागली तर तेही सांगावे, कारण या औषधातल्या फ्लोरिनमुळे क्वचित हाडांच्या आवरणाला सूज येते.

इट्राकोनॅझोल स्वस्त आहे, जुने आहे आणि अ‍ॅरिझोनातल्या सुरुवातीच्या रुग्णांना ऑपरेशननंतर तेच दिले गेले होते. खर्च पेलत नसेल तर ते दुय्यम दर्जाचे समजू नये. फक्त त्याचे शोषण लहरी असते. कॅप्सूल जेवणाबरोबर द्यावी लागते आणि तिला जठरातले आम्ल लागते, तर सिरप उपाशीपोटी द्यावे लागते. अ‍ॅसिडिटीची गोळी सोबत चालू असेल तर कॅप्सूलचे काम अर्ध्यावर येते. पोसाकोनॅझोल हा तिसरा पर्याय असून व्होरिकोनॅझोल सोसले नाही तर उपयोगी पडतो. पोटॅशियम आयोडाइड आणि कोट्रायमोक्साझोल ही त्वचेखालच्या प्रकारात वापरली गेलेली जुनी औषधे आहेत. पोटाच्या आजारात केवळ त्यांच्यावर विसंबून राहावे असे मला वाटत नाही. खर्चाच्या बाबतीत सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच आठवड्यात भेटावे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी आणखी दहा टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात, हे अनेक पालकांना बिल हातात आल्यावर कळते.

ऑपरेशनबद्दल मतभेद आहेत आणि ते मोकळेपणाने सांगायला हवेत. पूर्वी गाठ कापून काढायची आणि मग औषध द्यायचे, हीच रीत होती. किंबहुना अनेक रुग्णांचे निदानच ऑपरेशननंतर काढलेल्या आतड्यावरून होत असे. आता निदान आधी झालेले असेल तर मी औषधाने सुरुवात करतो. ही गाठ अवयवांना चिकटून पसरलेली असते, तिची कड नीट सापडत नाही, आणि मोठा भाग काढायला गेले की आतडे आखूड होणे, जोड सुटणे, कृत्रिम गुदद्वार करावे लागणे अशा गोष्टी पदरी पडतात. गाठीचा बराच भाग सूज असल्यामुळे औषधाने तीच गाठ काही आठवड्यांत लहान होते. मात्र आतडे पूर्ण बंद होणे, फुटणे किंवा न थांबणारा रक्तस्राव यांत ऑपरेशनला पर्याय नाही, आणि तेव्हा विलंबही करू नये. पोट फुगून कडक होणे, हिरवी उलटी होणे, गॅस व शौच दोन्ही थांबणे, शौचातून भरपूर रक्त जाणे किंवा मूल गळून पडणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता शल्यचिकित्सकाची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. मूत्रनलिका दाबली गेली असेल तर आत तात्पुरती नळी घालून मूत्रपिंड वाचवता येते. त्यासाठी गाठ काढावी लागत नाही.

स्टेरॉइडबद्दल एकच वाक्य पुरे आहे. क्रोन्सचा आजार समजून किंवा इओसिनोफिल कमी करण्यासाठी ती कोणी सुचवली, तर बुरशीचा संसर्ग असल्याचे सांगून आधी संसर्गतज्ज्ञांचे मत घ्यावे, कारण स्टेरॉइडने आकडे काही दिवस सुधारतात आणि आत आजार पसरतो.

धाकट्या मुलीला वेगळे ठेवण्याची, तिच्या तपासण्या करण्याची किंवा तिला प्रतिबंधक औषध देण्याची गरज नाही. दोघांनी एका ताटात जेवले तरी चालेल. घरातल्या पाली मारण्याच्या मोहिमेचाही उपयोग नाही. ही बुरशी मातीत सगळीकडे असते आणि तरीही लाखो मुलांना काही होत नाही. जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, पालेभाज्या व फळे नीट धुणे, शिजवलेले अन्न झाकून ठेवणे आणि अंगणात चपला घालणे एवढे पुरे. मूल माती खात असेल तर मात्र त्याच्या रक्तातले लोह तपासावे, कारण लोहाच्या कमतरतेत ही सवय लागते आणि ती कमतरता भरून काढल्यावर अनेकदा सुटते.

सुधारणा कशी ओळखायची हेही सांगून ठेवतो. योग्य औषध लागू पडले तर साधारण एक-दोन आठवड्यांत ताप उतरतो, भूक परत येते आणि इओसिनोफिलचा आकडा खाली येऊ लागतो. वजन त्यानंतर वाढते. गाठ त्याहून सावकाश विरघळते, म्हणून पहिली सोनोग्राफी सहा आठवड्यांनी आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी करावी. सीटीच्या किरणांचा विचार करता शक्य तिथे सोनोग्राफी किंवा एमआरआय वापरावा. महिना उलटूनही इओसिनोफिल हलले नाहीत, तर औषध बदलण्याआधी औषधाची पातळी मोजावी आणि मूल खरोखर ते गिळते आहे का, हे पाहावे. मूल चांगले खेळू-खाऊ लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात औषध सोडून देण्याचा मोह होतो, आणि आजार उलटण्याचे प्रसंग नेमके तेव्हाच घडतात. गाठ दिसेनाशी झाल्यावर किंवा मागे फक्त स्थिर जाडी उरल्यावर, रक्ताचे आकडे सामान्य असताना आणखी दोन-तीन महिने औषध द्यावे, असे मी करतो. मुलाला बरे वाटू लागले की शाळेत पाठवायला हरकत नाही. औषध थांबवल्यानंतर पहिले वर्षभर दर दोन महिन्यांनी इओसिनोफिल मोजावेत आणि तो आकडा पुन्हा चढू लागला तर पोट दुखण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्यावी.